कवितेतला बाप, घरातले बाबा

बारावीच्या वर्गाला दरवर्षी दिवाळीच्या आधी मी एक निबंध देते, 'माझे बाबा'. हिंगणघाट तालुक्यातलं आमचं कनिष्ठ महाविद्यालय. मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं, सायकलनं येतात. निम्म्याहून जास्त घरं कापसा-सोयाबीनवरची, बाकीची जिनिंगमधली, दुकानांतली, ऑटो चालवणाऱ्यांची. काही वर्षांपूर्वी हे निबंध तपासत बसले होते. सातव्या-आठव्या वहीपाशी हात थांबला, कारण सगळ्या वह्यांत एकच माणूस होता. टाचांना भेगा, अंगात फाटकी बनियन, नजर आभाळाकडे, लेकरांच्या शिक्षणासाठी स्वतः उपाशी. शब्दसुद्धा तेच.

त्यातली एक वही ज्या मुलाची होती, त्याच्या वडिलांना मी ओळखत होते. बसस्टँडजवळ त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या फोनची चार्जिंगची पिन त्यांनीच बदलून दिली होती. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, बोलणं मोजकं. मुलाला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"तुझ्या बाबांच्या टाचांना भेगा आहेत का रे?"

"नाही मॅडम."

"मग असं काऊन लिहिलं?"

तो गोंधळला. मी रागावले आहे की काय, याचा त्यानं अंदाज घेतला, आणि म्हणाला, "कवितेतला बाप असाच राहते ना, मॅडम."

त्या वाक्यानं मला कितीतरी रात्री झोप लागू दिली नाही. वीस वर्षं मी रसग्रहण शिकवत होते. 'कवीने बापाच्या कष्टाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे' हे वाक्य फळ्यावर मीच लिहून दिलं होतं, मुलांनी ते पाठ केलं होतं, बोर्डाच्या पेपरात त्याला मार्कही मिळाले होते. त्या वाक्याच्या आड त्या पोराला स्वतःचे बाबा दिसेनासे झाले होते.

तेव्हापासून बापाच्या कविता मी निराळ्या वाचू लागले. प्रत्येक कवितेला दोन प्रश्न विचारायचे: यात बोलतंय कोण, आणि ते कुठे उभं राहून बोलतंय?

मराठीत आईच्या कवितेची वाट मळलेली आहे. माधव जूलियन, यशवंत ही नावं आपल्या आधीच्या पिढीला तोंडपाठ. साने गुरुजींच्या पुस्तकात वडीलही आहेत, कर्जात बुडत चाललेले, आब राखण्यासाठी धडपडणारे, पण 1935 साली ते पुस्तक आलं ते 'श्यामची आई' म्हणून. इतकंच कशाला, पंढरीचा देव पुरुष, पण प्रेमानं हाक मारायची तर आपण त्याला विठाई, माऊली म्हणतो. जनाबाईंचा एक अभंग मला त्यामुळेच फार जवळचा वाटतो. त्यात विठ्ठलाच्या अंगाखांद्यावर संतमंडळी लेकरांसारखी लगडलेली आहेत. एक खांद्यावर, एकाचा हात धरलेला, एक कडेवर, एकानं करंगळी पकडलेली. जत्रेत असा बाप आपण शंभरदा पाहतो. जनाबाईंनी सातशे वर्षांपूर्वी तो पाहिला आणि त्याच्या टाचा, घाम, कष्ट यातलं काही न सांगता नुसता त्याचा भरलेला खांदा दाखवला.

एका हिवाळ्यात मुलांना वर्ध्याला गोपुरीच्या गीताई मंदिरात घेऊन गेले. वर छत नाही, मूर्ती नाही. उभ्या दगडी शिळांवर अठराही अध्याय कोरलेले. मुलं बोट फिरवत वाचत होती. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तूच मराठीत कर असं त्या मुलाला म्हणाल्या होत्या. आई रुक्मिणीबाई 1918 साली गेल्या. 'गीताई' लिहून झाली ती 1930-31 मध्ये. म्हणजे ज्या आईसाठी लिहिली तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलांना हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "आणि बाबांसाठी काय लिहिलं जी त्यायनं?"

वडिलांविषयी विनोबांनी सांगितलेली एक आठवण मला माहीत होती. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, घर गागोद्याला. दिवाळीला वडील येणार म्हणजे खाऊ आणणार, असं आईनं सांगितलेलं. ते आले आणि त्यांनी मुलाच्या हातात एक पुडकं दिलं. पेढे-बर्फी असेल म्हणून उघडलं तर आत मुलांसाठीची रामायण-महाभारताची पुस्तकं. मुलगा ती घेऊन आईकडे धावला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी आणलाय त्याहून चांगला खाऊ असूच शकत नाही, असं ती म्हणाली. मी एवढं सांगून थांबले. तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबाचं बी आईनंच समजून सांगितलं." मला वाटतं, बापाच्या कवितेवर इतकं नेमकं बोलणं मी कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात वाचलेलं नाही. बापाचं प्रेम आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेक वेळा आईच्या तोंडून.

परतीच्या वाटेवर बसमध्ये विषय निघाला तो बापूंचा. आपला जिल्हा ज्या माणसाला बापू म्हणतो, त्याच्या थोरल्या मुलानं, हरिलालनं, 1915 साली वडिलांना छापील पत्र लिहून मन मोकळं केलं होतं. आपल्याला हवं ते शिक्षण मिळू दिलं नाही, हे त्यातलं मोठं दुखणं. अजित दळवींचं 'गांधी विरुद्ध गांधी' याच बापलेकांवरचं नाटक. आणि त्याच माणसाकडे 1920 च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी वर्ध्याचे जमनालाल बजाज गेले आणि मला तुमचा पाचवा मुलगा माना म्हणाले. जमनालाल स्वतः दत्तक आलेले. पोटचा मुलगा दुरावतो आणि दुसऱ्याच घरातला एक जण मोठेपणी आपणहून बाप निवडतो. मुलं हे ऐकताना गप्प होती. बापावर राग असू शकतो आणि तो लिहूनही दाखवता येतो, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हतं.

पुढे मी वर्गात दोन परदेशी कवी आणले. इंग्रजीच्या सरांकडून पुस्तकं घेतली, रात्री शब्दकोश घेऊन वाचली आणि मुलांना आपल्या भाषेत गोष्टीसारखं सांगितलं. पहिला रॉबर्ट हेडन, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा काळा कवी. मजुरी करणारा बाप रविवारीही अंधारात उठतो, गारठलेल्या घरात शेगडी पेटवतो आणि खोल्या ऊबदार झाल्यावर मग मुलाला हाक मारतो. मुलगा त्याच्याशी तुटक बोलतो, कारण त्या घरात रागाचंही भय आहे. मोठेपणी त्याला कळतं की त्या उठण्याबद्दल बापाला कुणी कधी चांगलं म्हटलं नाही. ही कविता 1962 च्या संग्रहातली. त्याच वर्षी आपल्याकडे नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला. हेडनला सांभाळलं ते शेजारच्या कुटुंबानं, नावही त्यांचंच मिळालं. सुर्व्यांना रस्त्यावरून उचलून घरी नेलं ते गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं, त्यांनीही आपलं नाव दिलं. दोन टोकांचे दोन देश, दोन कामगार, दोघांनी दुसऱ्याचं लेकरू वाढवलं आणि दोन्ही लेकरं कवी झाली. हे मी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो मामाकडे राहून शिकत होता, पहिल्यांदा मान वर करून ऐकत होता.

हेडनची गोष्ट संपली आणि मी विचारलं, "आपल्याकडे शेगडी नाही. मग आपल्याकडे हे कुठे घडतं?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग समुद्रपूरकडची एक मुलगी उठली. "मॅडम, आमचे बाबा रात्री ओलिताले जाते."

वर्ध्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. शेतातली लाईन आठवड्याच्या पाळीनं येते, बऱ्याचदा रात्रीची. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं ते ऐन थंडीत. लाईन बारानंतर आली की माणूस बॅटरी घेऊन वावरात जातो, मोटर सुरू करतो, पाइप बदलत पहाटेपर्यंत चिखलात उभा राहतो. वर रानडुकरांचं भ्या. ती मुलगी सांगू लागली. बाबा उठले की तिला जाग येते, पण ती डोळे मिटून पडून राहते. दाराच्या कडीला बाबांनी सुतळी गुंडाळली आहे, आवाज होऊ नये म्हणून. चपला हातात घेऊन अंगण ओलांडतात आणि फाटकाबाहेर गेल्यावर पायात घालतात. बॅटरी सुद्धा तिकडेच लावतात. "मले सगळं समजते मॅडम, पण मी झोपल्यावानी करतो. नाही तर त्यायले वाटन का आपल्यामुळं पोरगी उठली."

वर्गातल्या सगळ्यांना त्या कडीवरची सुतळी दिसली. हेडनच्या मुलाला जे मोठेपणी उमगलं, ते या मुलीला सतराव्या वर्षी ठाऊक होतं, आणि ती अशा प्रत्येक रात्री बापाच्या जपण्याला झोपेचं सोंग घेऊन जपत होती. त्यानंतर मी 'माझे बाबा' निबंधाची रीत बदलली. डॉ. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' 1993 साली आलं. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये काम केलेल्या त्यांच्या वडिलांनी, दामोदर जाधवांनी, मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी स्वतः लिहून काढल्या होत्या, त्यावर ते पुस्तक उभं आहे. ते डोळ्यांसमोर ठेवून मी मुलांना सांगितलं: घरी जा, बाबांना एक प्रश्न विचारा, त्यांनी ज्या बोलीत उत्तर दिलं त्याच बोलीत लिहून आणा. ज्यांना बाबा नाहीत त्यांनी त्यांची एक वस्तू घेऊन या.

ही शेवटची ओळ मी बोलू शकले, त्यामागे एक चूक आहे. ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, त्या सहांत वर्धा होता. त्या वर्षांत आणि पुढेही आमच्याकडच्या कविसंमेलनांत गळफासाच्या, विषाच्या डब्याच्या कविता खूप झाल्या. त्यातल्या अनेक जिवाच्या आकांतानं लिहिलेल्या होत्या, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण पुढे पुढे त्यांचा एक साचा झाला. झाड, दोर, कोरडं आभाळ, आणि शेवटच्या ओळीला टाळ्या. एका स्नेहसंमेलनात काव्यवाचनाच्या स्पर्धेसाठी अशीच एक कविता मी एका मुलासाठी निवडली. त्यानं ती जीव ओतून म्हटली. सभागृह उभं राहिलं. तेवढ्यात चौथ्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली. तिच्या वडिलांनी ती आठवीत असताना औषध घेतलं होतं. मला ते माहीत होतं. प्रवेशाच्या अर्जावर मी स्वतः पाहिलं होतं, आणि तरीही कविता निवडताना ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आली नाही.

नळाजवळ ती तोंड धूत होती. मी माफी मागितली. ती रडत नव्हती, रागात होती. म्हणाली, "सगळे त्यायचा तोच दिवस सांगते, मॅडम. माये बाबा म्हणजे तो एक दिवस नोहे." मग बराच वेळ थांबून, "माये बाबा सीताफळं आणे. कच्चीच. गव्हाच्या कोठीत घालून ठेवे. अन् कोणतं कधी पिकन ते त्यायले बरोबर समजे. रोज एक काढे, बोटानं दाबे, अन् मलेच दे."

आत बक्षिसं वाटायला सुरुवात झाली होती. आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. ज्या कवितेला मी पहिलं बक्षीस मिळवून दिलं, तिच्यात बाप मेलेलाच होता. सीताफळ दाबून पाहणारं ते बोट तिच्यात कुठेही नव्हतं.

2023 च्या फेब्रुवारीत वर्ध्याला शहाण्णवावं मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. आमच्याच जिल्ह्यात संमेलन म्हणून मी एक अख्खी दुपार कवींना ऐकण्यात घालवली. आई, बाप, माती, पाऊस. नवख्या कवींचे हात थरथरत होते, वहीची पानं हलत होती. मी प्रत्येक बापाच्या कवितेत ते बोट शोधत होते. एक-दोन ठिकाणी सापडलं. पुसदकडच्या एका पोरानं बापाच्या चष्म्याला बांधलेल्या दोऱ्यावर लिहिलं होतं, आणि बाकी काहीच सांगितलं नव्हतं. मी मोठ्यानं दाद दिली.

शहरातल्या बापाची गोष्ट थोडी निराळी. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या दमलेल्या बाबाच्या गाण्यात बाप स्वतः बोलतो. उशिरा घरी येणारा, झोपलेल्या लेकीकडे पाहून अपराधी वाटणारा. आमच्या शाळा-कॉलेजांत ते गाणं लागलं की बायका डोळे पुसतात, पुरुष मान खाली घालतात. मलाही ते भिडतं. पण वर्गात एकदा ते लावलं तेव्हा एका मुलानं विचारलं होतं, "मॅडम, आमचे बाबा असं बोलत काऊन नाही?" त्याच्या बाबांना बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ऐकायला कुणी बसलंही नव्हतं. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्यांत बापावरही ओव्या असायच्या, मायेच्याही आणि लांब दिल्याच्या रुसव्याच्याही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा लाखावर ओव्या महाराष्ट्रभरातून गोळा केल्या. बायांना जातं होतं. दळता दळता मनातलं बाहेर पडायला जागा होती. माझ्या वडिलांजवळ तसं काय होतं, याचा मी अलीकडे विचार करते.

माझे वडील देवळी तालुक्यातले कापूसवाले शेतकरी. आता ऐंशीच्या पुढे आहेत. 1972 ला राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, ती माझ्या सबंध लहानपणावर पसरलेली आहे. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा. केंद्रासमोर बंड्यांची रांग लागे, नंबर यायला दोन दोन, तीन तीन दिवस. वडील बंडीतच झोपत, बैलांना तिथेच कडबा टाकत. मी आणि माझा भाऊ सायकलवर डबा घेऊन जायचो. मला आठवते ती त्यांची एक लकब. गप्पा चालू असताना ते बोंडातला चिमूटभर कापूस काढायचे, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून हळूच ओढायचे, तुटला की पुन्हा जोडून पुन्हा ओढायचे, शेवटी थोडेसेच धागे समांतर उरले की उजेडाकडे धरून लांबी पाहायचे. ग्रेडरनं कवडी म्हणून भाव पाडला तर एक शब्द बोलायचे नाहीत, पण रात्रभर बंडीत बसून तो कापूस ओढून पाहत राहायचे. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. केंद्रावर माझ्या वर्गातल्या मुली ये-जा करायच्या.

चुकारा हातात यायला महिने लागायचे. तरी मला वर्ध्याला वसतिगृहात ठेवलं, मराठीत एम.ए. होऊ दिलं. त्याचं मोल मला पगार सुरू झाल्यावर कळलं, म्हणजे सगळ्या कवितांत कळतं तेव्हाच.

गेल्या डिसेंबरात घरी गेले होते. अंगणात ऊन खात बसलेल्या वडिलांना मी आयर्लंडच्या शेमस हीनीची गोष्ट सांगितली. तो शेतकऱ्याचा मुलगा. 1966 च्या त्याच्या पहिल्या पुस्तकात दोन कविता आहेत. एकीत बाप औताच्या घोड्यांमागे सरळ तास धरून चालतोय आणि लहानगा मागे ठेचकाळतोय. पुढे काळ फिरतो, आता म्हातारा बाप मुलाच्या मागे ठेचकाळतो. दुसरीत बाप खिडकीखाली माती खणतोय, मुलगा वर लेखणी घेऊन बसलाय आणि ठरवतो की आपण लेखणीनंच खणायचं. सांगताना माझा गळा दाटला होता. मला वाटलं, त्यांना कळेल मी हे त्यांना का सांगतेय.

ते लक्ष देऊन ऐकत होते. घोडे किती, एक का दोन, हे विचारून घेतलं. घोड्यावर नांगर चालते याचं त्यांना नवल वाटलं. मग तुराट्यांच्या ढिगाकडे पाहत थोडा वेळ गप्प बसले.

"चांगलं लिवलं बाई त्यानं," ते म्हणाले. "मग वावर आता कोण करते?"

आमचं वावर चार वर्षांपासून ठेक्यानं दिलेलं आहे. भाऊ पुण्याला, मी हिंगणघाटला. ठेकेदारानं दाखवायला आणून टाकलेला या हंगामातला कापूस ओट्यावर ताटलीत पडला होता. वडिलांनी त्यातला चिमूटभर उचलला आणि ओढून पाहायला लागले. मी त्यांच्याजवळ सरकले, त्यांच्यासारखाच दोन अंगठ्यांत थोडा कापूस धरला. माझा लगेच तुटला.

"झटका नको देऊ," ते म्हणाले, आणि माझी बोटं आपल्या हातात घेऊन कशी धरायची ते दाखवू लागले.